अखंड वीज आणि अखंड दक्षता

व्यापाऱ्याची पत त्याच्या वहीत असते. या वहीचे रूप मात्र गेल्या तीस-पस्तीस वर्षांत पार पालटले. रोजमेळ आणि खतावणी लाल कापडी बांधणीच्या चोपड्यांतून उठून संगणकात जाऊन बसल्या. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. १ एप्रिल २०१८ पासून परराज्यात माल धाडण्यास ई-वे बिल लागू झाले. आणि १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटी रुपयांहून अधिक उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यास ई-इन्व्हॉइस काढणे भाग झाले. आज रिंग रोडवरील कापडबाजारात गाठोडे गाडीवर चढण्यापूर्वी संगणकातून कागद निघावा लागतो. जुनी चोपडी वीज गेली म्हणून मिटत नसे. मेहताजी कंदील लावून पुढची ओळ लिहीत. नवी वही मात्र विजेबरोबर मिटते, आणि ओळ अर्धी लिहून झाली असताना मिटली तर ती ओळ शाबूत राहीलच याची खात्री नसते.

म्हणूनच आज बहुतेक प्रत्येक पेढीवर संगणकाच्या शेजारी एक काळी पेटी दिसते. वीज खंडित होताच आपल्या पोटातील बॅटरीतून वीज पुरविणारे हे यंत्र बाजारात यूपीएस या नावाने ओळखले जाते. ते काही हजार रुपयांत मिळते, म्हणून फारसा विचार न करता घेतले जाते. मेजाखाली ढकलले जाते. आणि विसरले जाते. हे यंत्र निवडावे कसे, वापरावे कसे आणि राखावे कसे, याविषयी काही उपयुक्त विचार सभासद बंधु-भगिनींपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

चांगल्या विजेचा एक दोष

सुरतेस विजेचे सुख जुने आहे. येथील सुरत इलेक्ट्रिसिटी कंपनी १९२० साली स्थापन झाली. आज शहराच्या मोठ्या भागास टोरेंट पॉवर वीज पुरविते, तर सभोवारच्या प्रदेशात दक्षिण गुजरात वीज कंपनी ते काम करते. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी देशातील उत्तरेकडील व दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्येकडील वीजजाळेही कोसळून कोट्यवधी लोक अंधारात सापडले, त्याही वेळी गुजरात ज्यात मोडतो ते पश्चिमेचे जाळे तग धरून राहिले. आपल्यापैकी अनेकांचे आप्त खानदेशात आहेत. त्या काळी महाराष्ट्रात जे दीर्घ भारनियमन चालू होते, त्याची आठवण त्यांना चांगलीच असेल.

परंतु चांगल्या विजेच्या पोटी एक दोष जन्मास येतो. जेथे वीज दररोज जाते, तेथे बॅटरी निकामी झाली की त्याच सायंकाळी घरातील लहान मुलासही ते कळते. जेथे वीज वर्षातून चार-सहा वेळा जाते, तेथे मेलेली बॅटरी हिरवा दिवा दाखवीत महिनोन् महिने बसून राहते. तिची परीक्षा होते ती नेमकी गरजेच्या क्षणी, आणि त्या क्षणी नापास झालेली बॅटरी बदलण्यास वेळ उरलेला नसतो. अनेक वर्षांपूर्वी घेतलेली हुंडी कपाटात ठेवून ती वटेलच असे गृहीत धरणाऱ्या व्यापाऱ्यास आपण शहाणा म्हणणार नाही. बॅटरी हीदेखील एक हुंडीच होय. ती मुदतीत आहे की नाही, हे अधूनमधून पाहिलेच पाहिजे. सुरतेच्या व्यापाऱ्याने यूपीएसविषयी एकच गोष्ट ध्यानात ठेवायची झाली तर ती ही.

दुसरे असे की, वीज जाणे म्हणजे नेहमी अंधार होणे नव्हे. आपल्याकडील वीज २३० व्होल्टची असून ती सेकंदास ५० आवर्तने करते. म्हणजे एका आवर्तनास २० मिलिसेकंद लागतात. संगणकाच्या आतील वीजभाग साधारणपणे दहा ते वीस मिलिसेकंद एवढाच खंड सोसू शकतो. दूर कोठे तारेवर फांदी टेकली, वीज एका भागातून दुसऱ्या भागाकडे वळविली गेली, किंवा शेजारी मोठी मोटार सुरू होऊन दाब एकदम उतरला, तर दिवा नुसता लुकलुकतो; माणूस मान वर करून पाहीपर्यंत सारे पूर्ववत होते. संगणक मात्र तेवढ्यात बंद होऊन पुन्हा चालू झालेला असतो. वीज चांगली असलेल्या शहरात खरा शत्रू हा क्षणभराचा खंड होय.

हिऱ्याच्या धंद्यातील उदाहरण

या क्षणभराच्या खंडाचे मोल किती असू शकते, हे पाहावयाचे तर प्रयोगशाळेत वाढविलेल्या हिऱ्यांचा धंदा पाहावा. वराछा, कतारगाम आणि महिधरपुरा यांनी कच्च्या हिऱ्यास पैलू पाडण्यात जगात नाव मिळविले. त्याच सुरतेत आता हिरा वाढविण्याचाही उद्योग उभा राहिला आहे. जून २०२३ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीस साडेसात कॅरटचा जो हिरा भेट दिला, तो अशाच रीतीने वाढविलेला होता.

यातील एका पद्धतीत हिऱ्याच्या पातळ चकत्या बंद कोठडीत ठेवतात. तीत हायड्रोजन आणि मिथेन वायू सोडून सूक्ष्मलहरींच्या शक्तीने त्यांचा तेजस्वी गोळा, ज्यास प्लाझ्मा म्हणतात, पेटता ठेवतात. मिथेनमधील कार्बन चकत्यांवर थराथराने बसत जातो. हे काम दिवसेंदिवस, कित्येकदा आठवडेच्या आठवडे चालते. वीज गेली की हा गोळा विझतो, तापमान शेकडो अंशांनी कोसळते, आणि चकतीस तडा जाण्याचा संभव असतो. तडा न गेला तरी वाढ पुन्हा सुरू केली असता जुन्या व नव्या थरांमध्ये एक सीमा राहून जाते. रत्नपरीक्षक ती विशिष्ट प्रकाशात ओळखू शकतात. वीज कोठे थांबली होती, याचा लेख जणू हिऱ्यातच कोरला जातो.

अशा कारखान्यात मोठे यूपीएस आणि त्यामागे जनरेटर, अशी दुहेरी व्यवस्था असते. जनरेटर सुरू होऊन स्थिर होण्यास काही सेकंद लागतात. तेवढे सेकंद यूपीएसने भरून काढावयाचे असतात. यात एक धडा सर्वांसाठी आहे. कोठडीस अखंड वीज दिली, पण ती थंड ठेवणाऱ्या पाण्याचा पंप साध्या विजेवरच ठेवला, तर सारी तजवीज व्यर्थ होते. पेढीवरही असेच घडते. संगणक यूपीएसवर असतो, परंतु इंटरनेट आणणारा राउटर मात्र भिंतीवरील साध्या प्लगात असतो. वीज गेल्यावर संगणक चालू राहतो आणि ई-वे बिल मात्र निघत नाही. म्हणून काम एका यंत्राने होते की यंत्रांच्या साखळीने, हे आधी पाहावे, आणि साखळीतील प्रत्येक कडी यूपीएसवर घ्यावी.

तीन जाती

बाजारात मुख्यत्वे तीन जातींचे यूपीएस मिळतात. पहिली जात ऑफलाइन. ही एरवी बाहेरची वीज जशीच्या तशी पुढे पाठविते आणि खंड पडताच बॅटरीकडे वळते. या वळण्यास सामान्यतः चार ते दहा मिलिसेकंद लागतात. एका संगणकास ते चालण्यासारखे असते. दुसरी जात लाइन-इंटरअ‍ॅक्टिव्ह. हिच्यात दाब कमी-अधिक झाल्यास तो बॅटरी न वापरता सावरून घेण्याची सोय असते. जेथे दाब दिवसभर चढउतार करतो, तेथे ही जात घ्यावी. कारण पहिल्या जातीची बॅटरी अशा ठिकाणी विनाकारण झिजते. छोट्या पेढीस बहुधा हीच पुरेशी होते.

तिसरी जात ऑनलाइन. हिच्यात बाहेरची वीज आधी एकदिश केली जाते व तिच्यापासून पुन्हा नवी, स्वच्छ प्रत्यावर्ती वीज तयार केली जाते. यंत्र सदैव याच विजेवर चालत असल्याने वीज गेली तरी वळण्याचा प्रश्नच येत नाही, खंड शून्य. हिऱ्याचे लेझर यंत्र, कच्च्या हिऱ्याची आतून पाहणी करून आराखडा काढणारे यंत्र, किंवा अनेकांचे हिशेब सांभाळणारा मुख्य संगणक यांस हीच योग्य. मात्र ती महाग असते, काही वीज उष्णतेच्या रूपाने गमावते, आणि तिला पंखा व मोकळी हवा लागते. प्रत्येक टेबलास ऑनलाइन यूपीएस घेणे हा अपव्यय, आणि लाखो रुपयांच्या लेझर यंत्रास ऑफलाइन यूपीएस जोडणे ही कंजुषी. व्यापाऱ्याने दोन्ही टाळावे.

घरगुती इन्व्हर्टर आणि यूपीएस यांत पुष्कळ जण गल्लत करतात. इन्व्हर्टर दीर्घ काळ दिवे-पंखे चालविण्यासाठी असतो, आणि साध्या अवस्थेत त्याचे वळणे इतके मंद असू शकते की संगणक बंद पडतो. काही इन्व्हर्टरांवर यूपीएस अवस्थेचे बटन असते; संगणक जोडावयाचा असल्यास ते लावले आहे याची खात्री करावी. चार तासांच्या भारनियमनास इन्व्हर्टर हवा, क्षणभराच्या खंडास यूपीएस हवा. खानदेशातील घरास जे उपयोगी पडते, तेच रिंग रोडवरील दुकानास पडेल असे नाही.

मापाचा हिशेब

खोक्यावर मोठ्या अक्षरांत ६०० किंवा १००० व्हीए असे छापलेले असते. खरे काम किती होणार, ते वॅटमध्ये कळते आणि तो आकडा बहुधा बारीक अक्षरांत असतो. छोट्या यूपीएसमध्ये ६०० व्हीए म्हणजे अनेकदा केवळ ३६० वॅट असतात. सबब विकत घेताना वॅटचा आकडा विचारावा.

समजा, एका पेढीवर दोन संगणक, एक राउटर आणि कॅमेऱ्यांची नोंद ठेवणारे एक यंत्र आहे, आणि या सर्वांची गरज मिळून ३५० वॅट भरते. त्यात चौथाई वाढ धरावी, म्हणजे सुमारे ४४० वॅट. वॅट हे व्हीएच्या सहा-दशांश असतील तर ४४० भागिले ०.६, म्हणजे सुमारे ७३० व्हीए. बाजारात याच्या वरचे माप १००० व्हीएचे, ते घ्यावे.

आता ही वीज किती वेळ पुरेल? अशा यूपीएसमध्ये पुष्कळदा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या असतात. कागदावर हा साठा दोन वेळा ८४, म्हणजे १६८ वॅट-तास होतो. ३५० वॅटच्या भारास तो जवळजवळ अर्धा तास पुरेल, असे साधे गणित सांगते. प्रत्यक्षात दहा ते पंधरा मिनिटे मिळाली तरी पुष्कळ. कारण बॅटरीचे हे माप वीस तासांत हळूहळू वीज काढली असता येणारे असते. घाईने ओढल्यास ती त्याहून पुष्कळ कमी देते. शिवाय वीज पालटण्यात काही भाग वाया जातो.

या दहा मिनिटांचा उपयोग काय करावयाचा, हे आधीच ठरवून ठेवावे. आमच्या मते ती काम पुढे रेटण्यासाठी नसून काम नीट मिटविण्यासाठी आहेत. पहिल्या दोन मिनिटांत वीज आली नाही तर हाती असलेले बिल पूर्ण करावे, हिशेब जतन करावा, आणि संगणक रीतसर बंद करावा. जेथे जनरेटर आहे तेथे तो सुरू होईपर्यंतचा अवधी यूपीएस देते. यूपीएस आपल्याला वीज देत नाही, वेळ देते. ज्यास अधिक वेळ हवा त्याने अधिक बॅटऱ्यांचे यंत्र घ्यावे. केवळ अधिक व्हीएचे घेऊन वेळ वाढेलच असे नाही.

लेझर प्रिंटर यूपीएसला कधीही जोडू नये. त्यातील तापणारा रूळ एकाएकी इतका प्रवाह ओढतो की छोटे यूपीएस त्या भाराखाली बंद पडते. पंखा, पाण्याची किटली किंवा वातानुकूलन यंत्र यांसही हाच नियम लावावा. खरेदी करताना यंत्रावर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणीखूण आणि आयएस १६२४२ हा मानकक्रमांक आहे का, ते पाहावे. छोट्या यूपीएससाठी ही नोंदणी कायद्याने सक्तीची आहे. बिल जपून ठेवावे आणि बॅटरीची हमी यंत्राच्या हमीहून वेगळी आहे का, हे विचारून घ्यावे.

जागा आणि जोडणी

यूपीएस लावण्यापूर्वी जाणत्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. अर्थिंग सदोष असेल तर महागडे यंत्रही सुरक्षित नसते. संगणकाच्या लोखंडी पेटीस हात लावताच झिणझिण्या येणे हे सदोष अर्थिंगचे लक्षण असू शकते. यूपीएसच्या एका प्लगावर एक्स्टेन्शन बोर्डांची माळ लावू नये. पावसाळ्याच्या आरंभी गडगडाट होतो, त्या वेळी दुकान बंद असल्यास मुख्य जोडणी काढून ठेवणे उत्तम. आकाशातील विजेचा धक्का परतविण्याचे सामर्थ्य छोट्या यूपीएसमध्ये नसते.

यंत्राभोवती हात-दीड हात जागा मोकळी असावी. यंत्रमाग किंवा भरतकामाची यंत्रे चालतात तेथे धाग्याचे बारीक तंतू हवेत असतात. ते यूपीएसच्या जाळीत साचून पंखा गुदमरवितात. सहा महिन्यांतून एकदा यंत्र बंद करून जाळी स्वच्छ करवून घ्यावी. आतील भाग मात्र तंत्रज्ञानेच उघडावा. मोठ्या यूपीएसमध्ये पुष्कळ बॅटऱ्या एका माळेत जोडलेल्या असतात आणि त्यांचा एकत्रित दाब दोनशे व्होल्टच्या घरात जातो. बाहेरची वीज बंद केली तरी हा दाब तसाच राहतो, हे नोकरचाकरांना बजावून सांगावे.

बॅटरी ही नाशवंत वस्तू

यूपीएसचे यंत्र बरीच वर्षे चालते. बॅटरी चालत नाही. बंद पेटीच्या शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य साधारण तीन ते पाच वर्षे धरतात, आणि तेही २५ अंश सेल्सियस तापमानास. त्यापुढे दर आठ-दहा अंशांनी तापमान वाढले की आयुष्य निम्म्यावर येते. सुरतेच्या एप्रिल-मे महिन्यांतील उष्मा आपण जाणतोच. पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर, उन्हाच्या भिंतीलगत किंवा कापडाच्या गाठोड्यांत कोंडलेल्या बॅटरीने दोन वर्षांत मान टाकली, तर त्यात बनविणाऱ्याचा दोष मानू नये.

परीक्षा अशी करावी. तीन महिन्यांतून एकदा, कामकाज आटोपल्यावर, हिशेबाची प्रत काढून संगणक बंद करावेत. त्यांच्या जागी जुना शंभर वॅटचा दिवा किंवा तेवढाच अन्य निरुपद्रवी भार यूपीएसला जोडावा. नंतर भिंतीवरील बटन बंद करावे. प्लग उपटू नये. उपटल्यास अर्थिंगही सुटते. घड्याळ लावून दिवा किती मिनिटे जळतो, ते पाहावे आणि तारखेसह एका वहीत लिहून ठेवावे. पहिली नोंद बॅटरी नवी असतानाची असावी, म्हणजे तुलनेस आधार राहतो. मिनिटे मूळच्या चार-पंचमांशांच्या खाली उतरू लागली की नव्या बॅटरीची तजवीज करावी. ती निम्म्यावर येईपर्यंत वाट पाहू नये. कारण अखेरच्या टप्प्यात बॅटरी झपाट्याने खालावते. परीक्षा संपताच यंत्र पुन्हा चार्ज होऊ द्यावे.

बॅटरी फुगलेली दिसली, तिच्यातून ओल आली, ती हातास गरम लागली, किंवा कुजक्या अंड्यासारखा वास आला, तर वाट न पाहता यंत्र बंद करून तंत्रज्ञास बोलवावे. एका माळेतील एकच बॅटरी बदलून जुन्यांबरोबर नवी जोडू नये. जुन्या बॅटऱ्या नवीसही लवकर आपल्या पंक्तीस आणून बसवितात. इन्व्हर्टरच्या पाणी घालावयाच्या बॅटरीत केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे. नळाचे पाणी नको, आम्ल तर नकोच. अशी बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सुटतो. यास्तव ती हवेशीर जागी ठेवावी आणि देवघरातील समई किंवा उदबत्ती तिच्याजवळ आणू नये.

अलीकडे लिथियमच्या बॅटऱ्या येऊ लागल्या आहेत. त्या हलक्या आणि दीर्घायुषी असतात, परंतु महाग असतात, आणि त्यांची चार्ज करण्याची रीत वेगळी असते. जुन्या यूपीएसमध्ये शिशाची बॅटरी काढून तेथे लिथियमची बसविण्याचा खटाटोप घरच्या घरी करू नये.

दिवाळीची सुट्टी

आपल्या शहराची एक विशेष गोष्ट येथे सांगणे अगत्याचे आहे. दिवाळीत चोपडा-पूजन झाले की कापडबाजार आणि हिऱ्यांचे कारखाने दोन-तीन आठवडे बंद राहतात. कारागीर गावी जातात. जाताना दक्ष मालक मुख्य बटन बंद करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु यूपीएसचे स्वतःचे बटन तसेच चालू राहिले, तर ते यंत्र वीज गेली असे समजून बॅटरी रिकामी करते. रिकामी बॅटरी तीन आठवडे तशीच पडून राहिली की तिच्या पत्र्यांवर शिशाच्या क्षाराचे कठीण स्फटिक जमतात आणि तिची शक्ती कायमची घटते. लाभपंचमीस दुकान उघडते, हिरवा दिवा लागतो, आणि कोणास काहीच कळत नाही.

म्हणून सुट्टीपूर्वी यूपीएस पूर्ण चार्ज झालेले असावे. मग त्याला जोडलेली यंत्रे बंद करावीत, नंतर यूपीएसचे बटन बंद करावे, आणि सर्वांत शेवटी मुख्य बटन. परतल्यावर पहिले आठ-दहा तास त्याला नुसते चार्ज होऊ द्यावे. न वापरता ठेवून दिलेले यूपीएस असल्यास तेही तीन महिन्यांतून एकदा चार्ज करावे.

आग आणि पूर

२४ मे २०१९ रोजी सरथाणा भागातील तक्षशिला आर्केडच्या आगीत २२ जणांचा अंत झाला; त्यांत बहुतेक वरच्या मजल्यावर शिकावयास आलेली मुले होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिंग रोडवरील शिवशक्ती टेक्स्टाइल मार्केटच्या आगीत शेकडो दुकाने होरपळली. या आगी यूपीएसने लागल्या असे आमचे म्हणणे नाही. परंतु त्यांनी जे शिकविले ते यूपीएसलाही लागू आहे. जिन्याखाली, जिन्यावर किंवा बाहेर पडण्याच्या वाटेवर बॅटऱ्यांचा संच कदापि ठेवू नये. गाठोडी त्यावर रचू नयेत. विजेच्या आगीवर पाणी न टाकता त्यासाठीचे कोरडे किंवा कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक वापरावे. अग्निशमन दलाचे लोक मुख्य वीज तोडून आत शिरतात, तेव्हा यूपीएस मात्र अद्याप वीज देत असते. म्हणून ते कोठे आहे आणि कोठून बंद होते, याची ठळक पाटी दाराशी लावावी, आणि ही माहिती रखवालदारासही असावी.

पुराविषयी सुरतेस वेगळे काय सांगावे? १९६८, १९९८ आणि ऑगस्ट २००६ या वर्षांतील तापीचे पाणी वडीलधाऱ्यांनी पाहिलेले आहे. २००६ मध्ये शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता. अशा वेळी यूपीएस काहीच वाचवू शकत नाही. ते तळघरात ठेवू नये. भिजलेले यंत्र वाळले असे वाटले तरी तंत्रज्ञाने पाहिल्यावाचून चालू करू नये. खरा उपाय म्हणजे हिशेबाची प्रत दररोज अन्यत्र ठेवणे. कंपनी म्हणून नोंदलेल्या व्यवसायांस तर २०२२ पासून हिशेबाची प्रत दररोज भारतातील सर्व्हरवर ठेवणे नियमानेच बंधनकारक झाले आहे. छोट्या पेढीनेही तोच परिपाठ ठेवावा. यूपीएस आजची ओळ वाचविते. वर्षानुवर्षांची वही वाचविते ती ही प्रत.

घरातील गरज

या स्मरणिकेच्या वाचक भगिनींचे लक्ष आम्ही एका गोष्टीकडे विशेषकरून वेधू इच्छितो. काही घरांत वृद्धांसाठी प्राणवायू देणारे विजेचे यंत्र असते. मिनिटास पाच लिटर देणाऱ्या यंत्रास सुमारे साडेतीनशे वॅट लागतात. संगणकाच्या छोट्या यूपीएसवर ते विसंबून ठेवणे धोक्याचे आहे. त्याला शुद्ध लहरीचा इन्व्हर्टर आणि मोठी बॅटरी हवी; १५० अँपिअर-तासांची नवी बॅटरीही फार तर दोन-तीन तास तारून नेईल. म्हणून भरलेला सिलिंडर घरी ठेवावा, तो उघडण्याची रीत घरातील किमान दोघांना यावी, आणि बॅटरीची परीक्षा दिव्यावर करावी, रुग्णावर नव्हे. पेढीवर बॅटरीने दगा दिला तर नुकसान पैशाचे होते. येथे ते माणसाचे होईल.

जुनी बॅटरी

निकामी झालेली बॅटरी रद्दीवाल्याच्या गाडीवर फेकून मोकळे होऊ नये. उघड्यावर तोडल्या जाणाऱ्या बॅटरीतील शिसे आणि आम्ल माती-पाण्यात उतरते, आणि सर्वाधिक बाधा लहान मुलांना होते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्यांची विल्हेवाट उत्पादकांनी लावावयाची आहे. विक्रेते जुनी बॅटरी घेऊन नवीच्या किमतीत वजावट देतात. पावती घेऊन तेथेच द्यावी. जीवदयेचा संस्कार असलेल्या समाजास याविषयी अधिक सांगणे नलगे.

असो. वर सांगितलेल्यात कोणतीही गोष्ट फार खर्चाची नाही. वॅटचा हिशेब, मोकळी हवा, तीन महिन्यांनी दहा-पंधरा मिनिटांची परीक्षा, आणि तिची नोंद. एवढेच ते आहे. आपण वर्षअखेरीस गल्ल्यातील शिल्लक मोजतो, गोदामातील ताके मोजतो आणि येणे-देणे ताडून पाहतो. त्याच यादीत बॅटरीच्या मिनिटांची एक ओळ घालावी. येत्या दिवाळीस पेढीची कुलपे लावण्यापूर्वी प्रत्येक सभासदाने आपल्या यूपीएसवर नजर टाकावी, आणि त्यावर बॅटरी बसविल्याची तारीख लिहिलेली नसेल तर ती बिलावरून पाहून त्याच दिवशी लिहावी, एवढीच आमची विनंती आहे.